घेराचा चौथा हिस्सा

लाकडाच्या धंद्यात कुणाला नाडायचं तर खोटं बोलायची गरज पडत नाही. समोरच्याला मोजायची रीत ठाऊक नसली की भागतं. नांदेडच्या एका वखारीत मी मुनीम म्हणून लागलो ते १९८० च्या दशकाच्या शेवटी. पुढे त्याच मालकांची लातूरची वखार आणि आरागिरणी सांभाळली आणि तिथूनच घरी बसलो. हल्ली कंपनीची जबाबदारी या विषयावर व्याख्यानं होतात, अहवाल निघतात; भागधारक, ग्राहक, कामगार, पर्यावरण असे रकाने पाडलेले असतात. मला ती जबाबदारी पहिल्यांदा दिसली ती मोजायच्या टेपवर.

गोल ओंडका मोजायची रीत अशी: बरोबर मध्यावर टेप गुंडाळून घेर घ्यायचा, त्याचा चौथा हिस्सा काढायचा, त्याला त्यानंच गुणायचं आणि मग लांबीनं गुणायचं. चार फूट घेर, दहा फूट लांबी, म्हणजे एक गुणिले एक गुणिले दहा. झाले १० घनफूट. इंग्रजांच्या काळापासून लाकूड असंच मोजत आलेत. माझी भूमिती बरी होती, म्हणून एकदा दुपारी माल नसताना त्याच ओंडक्याचं खरं घनफळ काढून पाहिलं. ते भरलं पावणेतेराच्या आसपास. पावणेतीन घनफूट लाकूड ओंडक्यात होतं, वहीत नव्हतं. शंभराला साडेएकवीस.

शेठांना विचारलं. ते हसले. "साल कुणाची? कड कुणाची? भुसा कोण भरून देणार?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. गोलातून चौकोन काढायचा तर बरंच लाकूड भुशात आणि सळपात जातं, आणि रीतीनं तेवढी सूट आधीच धरलेली असते. वखारवाला वखारवाल्याकडून घेतो तेव्हा दोघांनाही हे माहीत असतं. वनखात्याच्या डेपोत लिलाव होतो तेव्हाही बोली लावणारा हे धरूनच आकडा बोलतो. माहीत नसतं ते फक्त बांधावरचं झाड विकणाऱ्याला. आणि गंमत अशी, की त्याच्या वाट्याला ही चौथ्या हिश्श्याची रीतसुद्धा येत नसे. त्याचं झाड उक्तं जायचं. दलाल बुंध्याला एक फेरी मारणार, वर बघणार, पान थुंकणार आणि आकडा सांगणार.

दुष्काळाच्या वर्षी वखारी भरतात, हे बाहेरच्यांना सांगितलं तर पटत नाही. पाऊस गेला, हरभराही हाती लागला नाही, की उन्हाळ्यात बांधावरची झाडं यायला लागतात. आधी लिंब आणि बाभूळ, मग चिंच, सगळ्यात शेवटी आंबा. २०१५-१६ मध्ये लातूरला पाणी मिरजेहून रेल्वेनं येत होतं आणि आमच्या फाटकातून आंब्याचे असे ओंडके आत येत होते, की एकेकाचा घेर दोघांच्या कवेत मावणार नाही. आंब्याला भाव तो काय? पेट्या, सेंट्रिंगच्या फळ्या. पण आकारमान मोठं, त्यामुळे उक्त्या सौद्यात सगळ्यात जास्त मार आंब्यालाच बसतो.

लोहा तालुक्यातले एक म्हातारे शेतकरी आठवतात. दलालानं त्यांच्या तीन आंब्यांचा आकडा ठरवला होता, ते पैसे न्यायला स्वतः वखारीत आले होते. ओंडके अजून ट्रॅक्टरवरच होते. मी टेपचं एक टोक त्यांच्या हातात दिलं.

"आता मोजून काय करूलालाव मुनीमजी? द्या काय द्यायचं ते. एसटी जाईल माझी."

गरजवंताला मोजमाप नको असतं, हे मला तेव्हा नीट कळलं. मोजायला वेळ लागतो, आणि त्याच्यामागे सोसायटीचा तगादा नाहीतर लेकीचं लग्न उभं असतं. त्यांना चहा पाजला, थांबवलं, प्रत्येक ओंडक्याचा आकडा खडूनं त्यावरच लिहिला. बेरीज ठरल्या रकमेच्या दीडपट भरली. दलाल माझ्याकडे बघत होता ते अजून डोळ्यांपुढे आहे. शेठांनी पैसे पुरे दिले, पण रात्री वही मिटताना म्हणाले, "सगळ्यांनी असं केलं तर धंदा चालेल. आपण एकट्यानं केलं तर माल दुसरीकडे जाईल."

माल गेलाच. तो सबंध हंगाम दलालांनी आमचं फाटक टाळलं. शेतकरी "मोजून घेता का" म्हणून विचारायला लागले तर दलालांचं पोट कशावर भरणार? पुढच्या वर्षी थोडे परतले, थोडे कायमचे गेले. नफा उतरला तो उतरलाच. नेकीनं वागलं की गिऱ्हाईक आपोआप वाढतं, असं सांगणाऱ्यांनी एक हंगाम वखारीत बसून पाहावं.

टेपसारखंच कागदाचं. महाराष्ट्रात झाडतोडीचा १९६४ चा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत सोळा जाती आहेत: साग, खैर, चंदन, मोह, हिरडा, आंबा, चिंच, जांभूळ, फणस वगैरे. ही झाडं स्वतःच्या रानातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. लिंब आणि बाभूळ त्या यादीत नाहीत. पण बाभूळ तोडायलाही 'साहेबाचे' म्हणून पैसे कापून घेणारे मध्यस्थ मी पाहिलेत. आम्ही ती सोळा नावं मोठ्या अक्षरांत रंगवून काट्याशेजारच्या भिंतीवर लावली. शेठांना खर्च फक्त रंगाऱ्याचा आला. या धंद्यात इतकं स्वस्त सत्कृत्य दुसरं मला आठवत नाही.

कागदाची दुसरी बाजू किनवटला दिसते. लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्कासुद्धा नाही. नांदेड जिल्ह्यात जे काही आहे ते मुख्यतः किनवट-माहूरकडे, पैनगंगेच्या अंगाला. किनवट निजामाच्या काळात आदिलाबाद जिल्ह्यात होतं, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नांदेडला आलं. तिथला साग नावाजलेला. सरळ वाढतो, कडी दाट असते, रंधा मारला की तेलकट झाक येते. अशा सागाला दोन मार्ग असतात. एक वनखात्याच्या डेपोतून, हॅमरचा शिक्का आणि टीपी, म्हणजे वाहतुकीचा परवाना, घेऊन. दुसरा रात्रीचा.

रात्रीचा माल दिवसा कसा होतो, तर मालकीच्या झाडांचा कागद लावून. शेतातल्या दहा झाडांची परवानगी असते, ट्रकमध्ये दुसरंच काही असतं. अशी एक गाडी पहाटे फाटकावर उभी होती. कागद जागेवर, सही-शिक्का जागेवर. यादीतले घेर वाचले तेव्हा शंका आली: सगळ्यांच्या शेवटी शून्य नाहीतर पाच. झाड असं पाच-पाच सेंटिमीटरच्या पायऱ्यांनी वाढत नाही. ही यादी झाडापाशी उभं राहून लिहिलेली नव्हती. मग बॅटरी लावून ओंडक्यांची तोंडं पाहिली. बांधावरच्या सागाला ऊन चारी बाजूंनी मिळतं. तो लवकर फांदतो, गाठी पडतात, कड्या रुंद असतात. हे ओंडके दाटीत वाढलेले, बिनगाठीचे, बारीक कडीचे होते. ड्रायव्हरला म्हटलं, गाडी परत ने. तो म्हणाला, "कागद बरोबर आहे ना मालक? मग तुम्हाला काय त्रास?"

त्याचा प्रश्न रास्त होता. कायद्याच्या बाजूनं बघितलं तर वखार सुरक्षित होती. पण अशा मालात अडकतो कोण, हे इतक्या वर्षांत मला दिसलेलं आहे: रात्री कुऱ्हाड चालवणारा पाड्यावरचा पोरगा, आणि फार तर ड्रायव्हर. पोरग्याला मजुरी मिळते दिवसाची आणि खटला चालतो वर्षानुवर्षं. वखारवाल्याच्या वहीत मात्र सगळं मालकीचं. ती गाडी दुसरीकडे रिकामी झाली असणार, त्याबद्दल मला भ्रम नाही.

२००२ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, की केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या मान्यतेशिवाय नवी आरागिरणी नाही. गोदावर्मन प्रकरण म्हणून ते ओळखलं जातं. झालं असं, की जुन्या गिरण्यांच्या परवान्याला यंत्रापेक्षा जास्त किंमत आली. मोडक्या पत्र्याखाली बंद पडलेला आरा, पण मालक ऐटीत. त्या आदेशानं जंगल किती वाचलं ते तज्ज्ञ सांगतील. आमच्यापुरतं एवढं झालं, की परवाना जाण्याची भीती शेठांच्या पुढच्या पिढीला माझ्या सांगण्यापेक्षा लवकर समजली.

भूकंप याच्या पुष्कळ आधीचा. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, मिरवणुका आटोपून माणसं उशिरा झोपली होती, आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी, सास्तूर नि आजूबाजूची गावं बसली. मी लातुरात होतो. पहिले काही दिवस लाकूड मागितलं गेलं ते चितांसाठी. शेठांनी नांदेडहून निरोप पाठवला, फाटक उघडं ठेव, वही बंद ठेव. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

त्यानंतर जे सुरू झालं त्यावर मात्र लिहायला हवं. आपल्याकडचं जुनं घर म्हणजे दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर मातीचं जड माळवद, आणि आत लाकडी खण: तळखड्यावर उभे खांब, त्यावर तुळया, त्यावर कडीपाट. भिंती माणसांवर ढासळल्या. पण कितीतरी घरांत खण तसेच उभे राहिले. नंतर आलेल्या इंजिनिअरांनीही हे टिपून ठेवलं. ज्यांचं सगळं गेलं त्यांच्याकडे विकण्याजोगं उरलं ते हेच: साठ-सत्तर, काही ठिकाणी शंभर वर्षं घरात मुरलेलं सागवान, जे आता ना आकसणार, ना पिळणार. दिवाळीपर्यंत बाहेरगावचे ट्रक यायला लागले. भाव नगावर. खांबाचे इतके, तुळईचे इतके, नक्षीच्या चौकटीचे इतके.

असं लाकूड घेऊच नये, असं म्हणणारे भले लोक तेव्हा भेटले. मला ते पटलं नाही. पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या माणसाला पैसा हवा होता. बावन्न गावं नव्या जागी, सिमेंटच्या घरांत जाणार होती. तिथं तुळई ठेवणार कुठं? लाकूड उघड्यावर पडून राहिलं असतं तर चोरीला गेलं असतं. प्रश्न घेण्याचा नव्हता, कुणाकडून आणि काय सांगून घेण्याचा होता.

औशाकडच्या एका गावातून एक गृहस्थ चौकट आणि सहा खांब घेऊन आले. चौकटीवर गणेशपट्टी, वेलबुट्टी, तोरणाचे खिळे तसेच. म्हणाले, चुलतभावाचं घर. चुलतभाऊ, बायको, दोन मुलं, कोणी राहिलं नाही. मी विचारलं, अजिबात कोणी नाही? मग बाहेर आलं, की एक मुलगी आहे, सासरी, कर्नाटकच्या हद्दीत. "ती सुखी आहे तिकडं. तिला काय करायचंय लाकडाचं?" माल उतरवून घेतला, पावती दिली, पण पैसे दिले नाहीत, मुलीला घेऊन या म्हटलं. ते गृहस्थ चिडले. धान्य, कपडे, पत्रे सगळ्याच्या रांगेत उभं राहून आलेला माणूस तो. त्यांनीही त्या ढिगाऱ्यात हात घातले होते, लाकूड ओढून काढलं होतं. त्यांची मजुरी धरायला हवी हे मला उघड दिसत होतं, आणि ती वेगळी काढली.

मुलगी आली, नवरा आणि दीर बरोबर. विशी-बाविशीची असेल. रडली नाही. खांबांवरून हात फिरवला आणि विचारलं, "भाऊ, हे तुम्ही पुण्यात कितीला विकताल?"

असा प्रश्न तोवर मला कोणी विचारला नव्हता. खरेदीचा भाव विचारतात, विक्रीचा कोण विचारतो? मी खरा आकडा सांगितला. चौकटीला पुण्या-मुंबईच्या हौशी गिऱ्हाइकाकडून जे येतं ते ऐकून तिचा दीर उभाच राहिला. मग सौदा पुन्हा बसला. वाहतूक, साफसफाई, आमचा नफा, चुलत्याची मजुरी, सगळं पाटीवर लिहून वजा केलं, उरलं ते तिचं. शेठांना फोनवर सांगितलं तर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, असल्या मालाला यापुढे असाच हिशेब ठेव, पण बाजारात बोलू नको. आम्ही त्या वर्षी बाकीच्यांपेक्षा कमी घेतलं, तरीही कमावलं. हेही सांगितलं पाहिजे. पडलेल्या घरांवर आमच्या वखारीनं पैसा कमावला. फक्त विकणाऱ्याला ठाऊक असताना कमावला.

जुन्या लाकडात खिळे असतात. वरून दिसतो तो काढता येतो; लाकडानं गिळलेला आऱ्याच्या पट्ट्यालाच सापडतो. असाच एक सापडला आणि फिरता पट्टा तुटून उडाला. माल ओढून घेणाऱ्या पोराची दोन बोटं गेली. मालकांनी दवाखाना केला, घरी ज्वारीचं पोतं पाठवलं, गल्लीत नाव झालं. त्या पोराचं नाव मस्टरवर नव्हतं. कामगार नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा तेव्हा होताच. मजुरी, वय आणि कमाईची ताकद किती घटली यावरून रक्कम निघायची. मी ती काढली. दवाखाना आणि ज्वारी मिळूनही तिच्या जवळपास जात नव्हतं. कागद समोर ठेवल्यावर धाकटे मालक म्हणाले, "आपण इतकं केलं, तरी?" रक्कम दिली गेली, हप्त्यांनी. सगळ्यांची नावं मस्टरवर चढली ती मात्र त्याहून उशिरा, विमावाल्यानं मस्टर मागितलं तेव्हा. भुशाचंही तसंच. लाकडाच्या धुळीनं नाकाचा कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९९५ मध्ये जाहीर केलेलं आहे. आमच्याकडे रुमाल बांधत. धूळ ओढणारं यंत्र आलं तेव्हा पहिलं बसलं ते गिऱ्हाईक उभं राहतं त्या बाजूच्या रंध्यावर.

गिऱ्हाइकाबद्दल थोडक्यात. घर बांधणारा मिस्त्रीला बरोबर घेऊन येतो, आपल्या बाजूचा माणूस म्हणून. मिस्त्रीचं कमिशन बिलातच असतं. ते बंद करायचा प्रयत्न आम्ही केला आणि सोडून दिला. बर्मा सागाचं तसंच: म्यानमारनं १ एप्रिल २०१४ पासून गोल लाकडाची निर्यात बंद केली, तरी बाजारात 'बर्मा' संपला नाही. घाना, इक्वेडोरचा साग त्या नावानं खपत राहिला. आम्ही बिलावर देशाचं नाव लिहायला लागलो. काही गिऱ्हाइकं तेवढ्यावरून निघून गेली. पाहुण्यांना सांगायला त्यांना बर्माच हवा होता.

आणि सागवान योजना. १९९० च्या दशकात वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती असत: आज एक हजार गुंतवा, वीस वर्षांनी लाखाचं झाड. मद्रासपासून पंजाबपर्यंत कंपन्या निघाल्या, बऱ्याच बुडाल्या, सेबीनं १९९९ मध्ये नियम केले तोवर लोकांचे पैसे गेले होते. आमच्या भागात मास्तरांनी, तलाठ्यांनी, पेन्शनरांनी पावत्या घेतल्या होत्या. कोणी वखारीत येऊन विचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं, की जंगलातला चांगला साग साठ-ऐंशी वर्षांचा असतो आणि पाणी धरून ठेवणाऱ्या काळ्या मातीत तो रडत वाढतो. कोणी विचारलं नाही, आम्हीही होऊन सांगायला गेलो नाही.

ज्यांनी पावतीऐवजी रोपं घेऊन बांधावर लावली, ते आता फोन करतात. परवा अहमदपूरकडच्या एका शेतकऱ्याचा आला. पंचवीस वर्षांची झाडं, परवानगी काढलेली, तोडलेली. घेर विचारला: दोन फूट. आठ फुटांचा सरळ तुकडा निघतो म्हणाले. अर्धा गुणिले अर्धा गुणिले आठ, दोन घनफूट. त्यातही निम्मं पांढरं लाकूड, पक्कं आत थोडंसंच. वखारीत काय भाव मिळेल ते सांगितलं. पलीकडे शांतता.

"आण्णा, तो दुसरा तर याच्या दुप्पट म्हणलालाय."

मी म्हटलं, त्याला विचारा, मोजून का उक्तं, घेर सालीवरून का साल काढून, आणि वाकडे ओंडके नेणार का. "विचारतो," म्हणाले, आणि त्यालाच दिले. पंधरा दिवसांनी पुन्हा फोन. त्यानं सरळ तेवढे नेले, वाकडे बांधावर टाकून गेला. त्यांचं काय करू? गोठ्याच्या मेढी होतील, साल मात्र आजच काढा, नाहीतर पावसाळ्यात भुंगा लागेल, असं सांगितलं. नेलेल्यांचे पैसे मिळाले का, हेही विचारलं.

"निम्मे दिलाय. निम्मे दिवाळीला देतो म्हणलाय."